बाणकोटच्या खाडीत

हरिहरेश्वराचे दर्शन आटोपल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही बाणकोटच्या खाडीत जाण्यास निघालो. महाबळेश्वरी उगम पावलेली सावित्री येथे सागरास मिळते. दक्षिण तीरावर बाणकोटचा किल्ला असून इंग्रजांनी त्यास फोर्ट व्हिक्टोरिया असे नाव दिले होते. त्यापलीकडे नाना फडणिसांचे मूळ गाव वेळास. नदी, सागर व किल्ला ही तिन्ही एकाच चित्रात यावीत, अशी आमच्या भाच्याची फार हौस. त्यासाठी त्याने २४९ ग्रॅम वजनाचे, कॅमेरा बसविलेले ड्रोन बरोबर घेतले होते. २०२१ च्या नियमांप्रमाणे हिरव्या पट्ट्यात ४०० फुटांपर्यंत पूर्वपरवानगीवाचून उडविता येते. तेव्हा सरकारी नकाशा त्याने घरीच पाहून ठेवला होता.

इंजिनाच्या लोखंडाने ड्रोनचे होकायंत्र फसते, म्हणून त्याची जुळणी किनाऱ्यावरील वाळूतच करून घेतली. खाडीच्या मध्यावर तांडेलाने इंजिन बंद केले. भाच्याने ड्रोन डोक्यावर धरले आणि ते हातातूनच सरळ वर चढले. होडीच्या छपराखालून अथवा चालत्या होडीतून ते सोडू नये. कारण उपग्रहांच्या आधाराने ते आकाशात जागच्या जागी थांबते, होडी मात्र पुढे सरकते आणि तिचेच छप्पर त्यावर आदळते.

पुढील वीस मिनिटे आम्ही देहभान विसरून पडद्यावरील देखावा पाहात होतो. इतक्यात वीज सरत आल्याची सूचना वाजली आणि ड्रोन आपण होऊन परत फिरले. पण ते आमच्याकडे न येता भलतीकडेच निघाले!

“मामा, ते चुकले!” भाचा घाबरून ओरडला.

तांडेल शांतपणे म्हणाला, “दादा, ते नाही चुकले. ओहोटीने आपणच वाहून आलो.”

खरोखरच आम्ही दोन-तीन फर्लांग दूर आलो होतो. जेथून उडाले तेच स्थान ड्रोन आपले घर मानते, आणि त्या घराच्या ठिकाणी आता केवळ पाणी होते! भाच्याने कळ दाबून त्याचे परतणे रद्द केले; तांडेलाने होडी त्याच्या रोखाने हाकली. जवळ येताच इंजिन बंद करून त्याने नाळ वाऱ्याकडे केली. ड्रोन वारा ज्या बाजूस जातो त्या बाजूने आणले, म्हणजे झुळूक आली तरी ते होडीपासून दूरच जाईल.

ते झेलण्याचे काम आमचे होते. हातमोजा घालून आम्ही हात उंच केला. हात दिसताच ते अडथळा समजून वर उसळले. दुसऱ्या खेपेस आम्ही पंख्यांपासून बोटे दूर ठेवून त्यास खालून धरले, आणि पंखे थांबेपर्यंत भाच्याने उतरण्याची कळ खाली ओढून ठेवली. शंभरांतील अकरा भाग वीज उरली होती.

दुसऱ्या उड्डाणात भाच्याने दर थोड्या वेळाने ड्रोनचे घर आपल्या हातातील यंत्रापाशी आणून ठेवले आणि निम्मी वीज असतानाच ते परत बोलाविले. चित्र उत्तम आले. परंतु त्याहून मोलाची शिकवण त्या तांडेलाची वाटली: पाण्यावर असताना दुसरा चुकला असे म्हणण्यापूर्वी आपण कोठे वाहून आलो, ते आधी पाहावे.