गवळ्यांच्या नावाचा गड

सुट्टीत मुलांना घेऊन नागपूरहून एस.टी.ने परतवाडामार्गे चिखलदऱ्याला गेलो. तिथून पायीच गाविलगड गाठला. पडक्या दरवाजातून आत शिरताच धाकटीने विचारले, “बाबा, इथला राजा कोण?”

मी सांगितले, बहामनी सुलतान अहमदशहाने १४२५ च्या सुमारास आपल्या उत्तर सरहद्दीवर हा किल्ला बांधला. पुढे तो नागपूरकर भोसल्यांकडे आला. गड अजिंक्य मानला जाई. पण १५ डिसेंबर १८०३ रोजी वेलस्लीच्या फौजेने तोफांनी उत्तरेचा तट फोडला, आतल्या तटाला शिड्या लावल्या आणि गड घेतला. किल्लेदार बेनीसिंग मारला गेला. दोनच दिवसांनी देवगावचा तह झाला. भोसल्यांचा कटक प्रांत आणि वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख गेला.

त्या अवजड तोफा डोंगरदऱ्यांतून माणसांनी हातांनी ओढून आणल्या होत्या. ओढणाऱ्यांची नावे इतिहासात नाहीत. तट रचणाऱ्यांचीही नाहीत. गडाला नाव मात्र इथे गुरे राखणाऱ्या गवळ्यांवरून पडले, असे सांगतात.

हे ऐकून धाकटी म्हणाली, “मग गड गवळ्यांचाच ना!”

वाचकहो, मुलांना किल्ले जरूर दाखवा. राजा कोण हे सांगाच, पण दगड कुणी वाहिले हेही सांगा.