शेवटची कुस्ती

१५ जानेवारी म्हटलं की आमच्या सातारा-सांगलीकडच्या माणसाला खाशाबा जाधव आठवतात. कराडजवळच्या गोळेश्वरचे, जन्म १९२६ चा. आता तर हा दिवस राज्य क्रीडा दिन म्हणून पाळतात. याच तारखेला, १९६५ साली, तिकडे अमेरिकेत बर्नार्ड हॉपकिन्स नावाचा बॉक्सर जन्मला. दोघांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही. पण हॉपकिन्सची शेवटची फाइट यूट्यूबवर पाहिली आणि तेव्हापासून हे दोघं, आणि तिसरे आमचे मामा, डोक्यात एकत्र येऊन बसलेत.

हॉपकिन्स म्हणजे साधा गडी नव्हे. तरुणपणी तुरुंगात जाऊन आलेला, नंतर वयाच्या ४९ व्या वर्षीसुद्धा जगज्जेता. हरला तरी गुणांवर. त्याला सामना संपायच्या आत कुणी थांबवलं नव्हतं. १७ डिसेंबर २०१६ ला त्याने निरोपाची फाइट ठेवली. बावन्नावा वाढदिवस महिन्यावर आलेला. समोर जो स्मिथ ज्युनियर, वय २७, न्यूयॉर्ककडे बांधकामावर मजुरी करणारा. फारसं नाव नाही, पण ठोसा असा की विचारू नका. आठव्या फेरीत त्याने म्हाताऱ्याला असं झोडपलं की हॉपकिन्स दोरांमधून थेट रिंगच्या बाहेर, डोक्यावर पडला. परत यायला वीस सेकंद असतात. त्याला येता आलं नाही. संपलं. ‘मला ढकललं’ असं तो नंतर म्हणत राहिला. चित्रफितीत ठोसेच दिसतात.

पहिल्यांदा बघितलं तेव्हा वाईट वाटलं. वाटलं, काय गरज होती? आपल्याकडे बरं, निरोपाची कुस्ती हा प्रकारच नाही.

पण खरंच बरं का?

आपल्याकडे जत्रेच्या मैदानात पैलवानाचं वय कळतं ते उन्हावरून. दुपारी पोरांच्या कुस्त्या, रेवड्यांवर, नारळावर. मग शंभर-पाचशेच्या. इनाम वाढत जातं तसं ऊन उतरत जातं, आणि एक नंबरची कुस्ती लागते ती दिवस मावळताना, हलगीचा कडकडाट टिपेला पोचल्यावर. उमेदीच्या काळात पैलवानाची कुस्ती संध्याकाळी असते. मग एखाद्या वर्षी पत्रकात नाव दोन नंबरला येतं. मग चारला. कुणी काही बोलत नाही. जोड लावणारे वस्तादही नजर चुकवतात. पैलवान शड्डू ठोकतो, वर बघतो, तर ऊन अजून डोक्यावर असतं. हाच निरोप.

खाशाबांना तर तेवढाही मिळाला नाही. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकला जायला पैसे नव्हते, तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण टाकून सात हजार दिले. खाशाबांनी ब्राँझ आणलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक पदक. (पुढचं यायला १९९६ उजाडलं, लिअँडर पेसचं.) कराडला शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. मग या माणसाने कुस्त्यांची मैदानं भरवून गुरुजींचं घर सोडवलं. १९५५ ला पोलिसात सब-इन्स्पेक्टर झाले. १९५६ च्या मेलबर्नची तयारी चालू होती आणि गुडघा गेला. बस. ज्याने त्यांना हरवून पुढे जायचं, असा कुणी तरुण समोर आलाच नाही. १९८४ साली ते अपघातात गेले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो २००१ साली, मरणोत्तर.

आता मामा. मामा काही खाशाबा नव्हेत, पण कृष्णाकाठच्या पाच-पंचवीस जत्रांत त्यांचं नाव होतं. चाळिशीला आले तरी तालमीत रोज मातीत उतरायचे. तिथे ऊसतोडीला आलेल्या एका कुटुंबातलं पोरगं यायचं. खुराक नाही, नीट लंगोट नाही, पण अंगात विलक्षण रग. पकड बसली की हाड वाजायचं म्हणे. मामांनी त्याला दोन वर्षं शिकवलं. मग एके दिवशी ते अचानक यायचे बंद झाले. घरात सगळे म्हणायचे, कंबर धरली असेल.

बऱ्याच वर्षांनी मी सहज विचारलं तेव्हा म्हणाले, “अरे कंबर कसली! त्या पोरानं ढाक भरली होती. पुरी. मी गेलोच होतो. आणि त्यानं हात सैल सोडला.”

मी म्हटलं, “मग? तुमचा मान ठेवला त्यानं.”

मामा माझ्याकडे बघत राहिले. म्हणाले, “पाडलं असतं तर अजून दोन वरसं खेळलो असतो बघ. सोडलं, म्हणून थांबलो.”

पोराची चूक नव्हतीच. वस्तादाला कोण पाडेल? पण मातीतल्या माणसाला हरण्याचं भय नसतं, ते रोजचंच असतं. भय असतं कुणी दया करण्याचं. ठरवून खेळलेल्या कुस्तीला आपण नुरा म्हणतो आणि तिला शिव्या घालतो. दयेपोटी सोडलेला डाव तिचाच सख्खा भाऊ.

हे ऐकल्यावर मी ती फाइट पुन्हा पाहिली. या वेळी नजर स्मिथवर होती. त्याने हात सैल सोडला नाही. समोर कोण आहे, वय काय, काही मनात आणलं नाही. हॉपकिन्स रिंगबाहेर पडला तो एका खऱ्या बॉक्सरच्या खऱ्या ठोशाने. मला आता ती फाइट क्रूर वाटत नाही. बावन्नाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर कुणीतरी तुम्हाला पूर्ण ताकदीने मारावं, याला मी तरी आता मानच म्हणेन.

असो. ऑफिसात, घरातही आपण वडीलधाऱ्यांशी वाद घालताना अलीकडे किती सहज हात सैल सोडतो! ‘जाऊ दे, वय झालंय.’ आपल्याला वाटतं मोठेपणा केला. त्यांना ते कळत असणार. मी मामांशी बुद्धिबळ खेळतो हल्ली. परवा त्यांचा वजीर उघडा पडला होता. मी मारला.

चार शिव्या दिल्या त्यांनी, आणि लगेच पुढचा डाव मांडला.