सोडलेले स्वर

आमच्या परभणीच्या घरीं दर एकादशीस भजन असतें. वडिलांनीं वयाचीं ऐंशी वर्षें ओलांडलीं आहेत. आवाज पातळ झाला असला तरी सूर ढळलेला नाहीं. साथीला येणारे गंगाखेडचे पेटीवाले बुवा गेल्या वर्षीं वारले. दुसरें कोणी मिळेना, तेव्हां आम्हीं आपली गिटार पुढें केली.

चाळिशी उलटल्यावर आम्हांस ‘जॅझ’ या अमेरिकन संगीताचा छंद लागला. तें मुंबईस कांहीं नवें नव्हे. १९३५ सालीं लिऑन ॲबी यांचा वाद्यवृंद तेथील ताजमहाल हॉटेलांत वाजत होता, आणि पुढें गोव्याच्या वादकांनीं त्याचे रंग सिनेमाच्या गाण्यांत आणले. परभणीस मात्र तें आमच्या माडीपुरतेंच असावें. पहिल्याच अभंगाला आम्हीं मोठ्या दिमाखानें सहाहि तारा छेडल्या. दुसऱ्या चरणाला वडील थांबले.

“अरे, तूं सगळेंच म्हणून टाकतोस. मी काय म्हणूं?”

हा टोमणा आम्हांस फार दिवस सलला. कारण आमच्या जॅझमध्येंहि साथीचा पाठ तोच आहे, आणि तो आम्हीं नुसता वाचला होता. काउंट बेसी यांच्या वाद्यवृंदांत फ्रेडी ग्रीन हे १९३७ पासून १९८७ सालीं मृत्यु येईपर्यंत गिटारीची साथ करीत होते. पन्नास वर्षें! आणि बहुधा दोनतीन तारांवरच त्यांचें काम भागे.

वाचकांनीं घरच्या पेटीवर एक प्रयोग करून पाहावा. ‘रे-म-ध-सा’, ‘प-नी-रे-म’ आणि ‘सा-ग-प-नी’ हे तीन स्वरसमूह जॅझमध्यें याच क्रमानें वारंवार येतात. प्रत्येकांतला पहिला स्वर मंद्र वाद्य सांभाळतें, म्हणून तो सोडावा. तिसरा हा पहिल्याचाच पंचम; तो त्याच्या नादांत मिसळलेलाच असतो, हें तानपुरा ऐकणारांस सांगावयास नको. तोहि सोडावा. उरतें काय? म-सा, म-नी, ग-नी. एका वेळीं एकच बोट सरकतें: आधीं ‘सा’चा ‘नी’ होतो, मग ‘म’चा ‘ग’. एवढ्या हालचालींत तिन्ही समूहांची ओळख पटते. आम्हांस हें उमगलें त्या रात्रीं झोंप आली नाहीं.

दुसऱ्या एकादशीस हीच विद्या आम्हीं भजनांत चालविली, आणि पुन्हां फजिती झाली! वडिलांची भैरवी चालली होती आणि आमच्या हातून शुद्ध गंधार निसटला. त्यांनीं नुसतें वळून पाहिलें. जॅझमध्यें षड्ज-पंचम दुसऱ्यावर सोंपवून गंधार-निषाद आपण ठेवावयाचे. येथें सगळें उलट. गंधार हा गाणाराचा. तो कोमल किती, कोठें टेंकावयाचा, कोठें नुसता स्पर्शावयाचा, हें त्यानेंच ठरवावें. साथीदारानें षड्ज-पंचम धरून स्वस्थ बसावें. इतक्या वर्षांचा आमचा अभ्यास अखेर दोन तारांवर आला म्हणून मित्र हंसतात, हंसोत बापडे.

आतां वडील थांबत नाहींत. क्वचित् त्यांचा श्वास अपुरा पडतो, आणि कोमल गंधारापर्यंत आवाज पोंचत नाहीं. तेव्हां तेवढा स्वर आम्ही हलकेंच देतों. ऐकणारांस तें कळत नाहीं, वडिलांस कळतें. गेल्या एकादशीस तो दोनदां द्यावा लागला.