माचू पिचू खाली आहे

आमच्या घरात परदेश म्हणजे न्यू जर्सी. लेक तिथे असते. तिच्या बाळंतपणाला गेले होते तेव्हाचा दहा वर्षांचा अमेरिकन व्हिसा पासपोर्टात आहे, आणि परदेशप्रवास या विषयातलं माझं ज्ञान तिथेच संपतं. पण मोठ्या नणंदेने, म्हणजे पुण्याच्या ताईंनी, शाळेतून निवृत्त झाल्यावर मीना प्रभूंचं ‘दक्षिणरंग’ हे प्रवासवर्णन वाचलं आणि गौरी जेवणाच्या पंगतीत जाहीर केलं की आपण दोघी पेरूला जायचं. इंकांचे अवशेष, अँडीज पर्वत, माचू पिचू. आमचे हे गुडघ्यांचं कारण सांगून लगेच सुटले. माझे गुडघे दुर्दैवाने बरे आहेत. (पेरू या फळावरचे सगळे विनोद आमच्या सोसायटीत करून झालेत, ते इथे करत नाही.)

माझी पात्रता आधीच सांगून टाकते. तळोजा एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मी हिशेब बघते. बसून काम. ट्रेक हा शब्द मी आजवर फक्त दुसऱ्यांच्या मुलांबद्दल वापरला होता.

पहिलं काम तारखांचं. मार्चअखेर मला रजा मिळणं अशक्य, म्हणून फेब्रुवारी धरला. थंडी सरत आलेली, ऊन कोवळं. तिकडेही तसंच असेल. सहल कंपनीतली मुलगी फोनवर क्षणभर काही बोललीच नाही. मग म्हणाली, “काकू, फेब्रुवारीत तिथे भर पावसाळा. इंका ट्रेल, म्हणजे माचू पिचूची पायवाट, तर अख्खा महिना बंद असते, डागडुजीसाठी.” कोरडे महिने मे ते सप्टेंबर. तळोज्यात छत्र्या बाहेर निघतात तेव्हा तिथे स्वच्छ ऊन आणि रात्री कडाक्याची थंडी. जून ठरला. त्यातही २४ जूनला कुस्कोत इंती रायमी हा सूर्याचा उत्सव असतो, हॉटेलं भरून जातात, म्हणून महिन्याचा पहिला पंधरवडा. दक्षिण गोलार्धातले ऋतू दहावीला मला पाठ होते, हे मी त्या मुलीला सांगितलं नाही.

मग मी वहीत कार्यक्रम आखला. लिमा, तिथून विमानाने कुस्को, कुस्कोत विश्रांती, आणि मग हळूहळू चढत सगळ्यात वर माचू पिचू. फोटोत ते ढगांच्याही वर दिसतं, त्यामुळे शंकेला जागाच नव्हती. वहीच्या पानाचा फोटो ताईंना पाठवला. त्यांनी उत्तरादाखल फक्त दोन आकडे पाठवले: कुस्को ३,४००, माचू पिचू २,४३०. मीटर. म्हणजे जे मी मनात शिखर धरलं होतं, ते विमानतळापेक्षा जवळजवळ हजार मीटर खाली, आणि विश्रांतीसाठी निवडलेलं शहरच दम काढणारं. आपलं कळसूबाई, महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर, १,६४६ मीटर. त्याच्या दुप्पट उंचीवर मी तळोज्याच्या खाडीकाठावरून जाऊन विश्रांती घेणार होते.

उंचीवर ऑक्सिजन कमी असतो असं आपण म्हणतो. आमच्या डॉक्टरांनी ते दुरुस्त केलं. हवेत ऑक्सिजनचं प्रमाण तेवढंच, शंभरात एकवीस. दाब कमी असतो, म्हणून एका श्वासात एकूण हवाच कमी येते. कुस्कोत ती समुद्रकाठच्या साधारण दोन तृतीयांश. मग डोकं दुखतं, मळमळतं, झोप लागत नाही. तिथे याला ‘सोरोचे’ म्हणतात. उपायाचं नाव ‘ॲक्लिमटायझेशन’, ज्याचं मराठी मी वहीत ‘शरीराला उंची आधी कळवून ठेवणे’ असं केलंय. प्रत्यक्षात करायचं ते असं: कुस्कोत उतरायचं, पण थांबायचं नाही. गाडीत बसून खाली उरुबांबा नदीच्या खोऱ्यात, ज्याला सेक्रेड व्हॅली म्हणतात तिथे जायचं. तिथलं ओयांताइतांबो गाव २,८०० मीटरच्या आसपास. मुक्काम तिथे, पुढे माचू पिचू, आणि कुस्को अगदी शेवटी. माझ्या वहीतला कार्यक्रम खालून वर वाचला की बरोबर होत होता.

डॉक्टरांना विचारलं, रोज चालले तर त्रास होणार नाही ना? म्हणाले, पायांना होणार नाही. धावणाऱ्या तरुण पोरांनाही उंची लागते, आणि एखाद्या आजोबांना काही होत नाही. आधी सांगता येत नाही. ‘डायमॉक्स’ नावाची गोळी लिहून देण्याआधी त्यांनी सल्फाची ॲलर्जी आहे का विचारलं, आणि बोटांना मुंग्या येतील, लघवीला जास्त होईल, अशी तंबी दिली. तिथल्या हॉटेलांत कोकाच्या पानांचा चहा देतात, असं मी वाचलं होतं; सोसायटीसाठी त्याची पाकिटं आणीन असं कबूलही करून बसले होते. डॉक्टरांनी चष्मा काढला. त्याच पानांपासून कोकेन बनतं आणि ती भारतात आणणं गुन्हा आहे. चहा तिथेच प्यायचा. मी घरी येऊन सगळ्यांच्या ऑर्डरी रद्द केल्या, कारण न सांगता.

सरावाला कर्नाळा निवडला, कारण पनवेलच्या पुढेच आहे. अभयारण्यातली सावली, पक्ष्यांचे आवाज, वर तो अंगठ्यासारखा सुळका. मी अर्ध्या वाटेवर दगडावर बसले होते तेवढ्यात एका शाळेची सहल माझ्या शेजारून वर गेली आणि मी तिथेच असताना खालीही आली. एका मुलाने मला चिक्की दिली. शिवाय हा सगळा सराव पायांचा; उंचीचा सराव करायला अख्ख्या महाराष्ट्रात जागाच नाही. घरी आल्यावर चौथ्या मजल्यावरच्या आजींना मी तो ३,४००चा आकडा जरा तोऱ्यात ऐकवला. त्या म्हणाल्या, “केदारनाथ किती गं?” बघितलं. सुमारे ३,५८०. आजी तिथे जाऊन आल्यात, तेही सत्तरीत. त्यांनी भीमसेनी कापराची पुरचुंडी आणून दिली, नाकाशी धरायला. डॉक्टरांच्या मते कापराने ऑक्सिजन वाढत नाही. आजींच्या मते डॉक्टर केदारनाथला गेलेले नाहीत.

आता प्रत्यक्ष इंका ट्रेल. ताईंना चार दिवसांची पूर्ण वाट हवी होती: चाळीसहून जास्त किलोमीटर, तंबूत मुक्काम, आणि मध्ये ४,२०० मीटरची खिंड. खिंडीचं नाव ‘मेलेल्या बाईची खिंड’. मला नावच पुरेसं होतं. पण ही वाट आपण मनात आणलं आणि निघालो अशी नाहीच. दिवसाला ५०० जणांना परवानगी, आणि त्या पाचशेत गाइड, स्वयंपाकी, हमाल सगळे आले. प्रवाशांच्या वाट्याला जेमतेम दोनशे. परवाना फक्त मान्यताप्राप्त कंपनीमार्फत, पासपोर्टच्या नंबरावर, दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही. गाइडशिवाय आत सोडतच नाहीत. मी त्या मुलीला “गाइडचे पैसे वाचवता येतील का” असं आधीच विचारून चुकले होते. हमालाच्या पाठीवर २० किलोच्या वर ओझं द्यायचं नाही असा पेरूत कायदा आहे, आणि वाटेवरच्या नाक्यावर ओझी वजनकाट्यावर घालतात. म्हणजे माझ्या बॅगेतल्या प्रत्येक जादा साडीचा भार कुणाच्या तरी पाठीवर मोजला जाणार. साड्या रद्द.

तडजोड निघाली ती दोन दिवसांच्या छोट्या वाटेची. आगगाडी १०४ किलोमीटरच्या खुणेपाशी थांबते, तिथे उतरायचं. दिवसभर चालून वाटेत विन्याय वायना हे अवशेष बघायचे आणि इंती पुंकू, म्हणजे सूर्यद्वार, तिथून माचू पिचू पहिल्यांदा बघायचं. मुक्काम खाली गावातल्या हॉटेलात. दुसऱ्या दिवशी बसने परत वर. ताई दोन दिवस बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या, “बरं.” माचू पिचूच्या तिकिटावर आत शिरायची वेळ आणि आतला मार्ग दोन्ही ठरलेलं असतं, आणि आत स्वच्छतागृह नाही. ही शेवटची गोष्ट मला कुठल्याही देखण्या माहितीपत्रकात दिसली नाही, आणि मी डायमॉक्स घेणार आहे.

व्हिसाचं मात्र सुखद निघालं. अमेरिकेचा किमान सहा महिने मुदतीचा व्हिसा असलेल्या भारतीयांना पर्यटनासाठी पेरूचा वेगळा व्हिसा लागत नाही. नातवाच्या लंगोट्या धुण्यासाठी मिळालेल्या शिक्क्यावर मी इंकांच्या राज्यात शिरणार होते. खरी अडवणूक परतीची. पेरू पिवळ्या तापाच्या देशांच्या यादीत आहे, आणि लशीचं प्रमाणपत्र मागतो तो आपला देश, परत येताना. नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरण. आपल्याकडे हा ताप नाहीच, मग एवढी भीती का? कारण तो पसरवणारा एडिस डास, तोच डेंग्यूवाला, आपल्याकडे मुबलक आहे. एक आजारी प्रवासी आला की पुढचं काम डास करतील. तळोज्यात राहणाऱ्या माणसाला हे दुसऱ्यांदा सांगावं लागत नाही. लस सरकारने ठरवून दिलेल्या मोजक्याच केंद्रांत मिळते, प्रमाणपत्र दहा दिवसांनी लागू होतं आणि पुढे जन्मभर चालतं. ताई साठीपुढच्या, त्यांना लशीआधी डॉक्टरांशी वेगळं बोलायला सांगितलंय. आमच्या सगळ्या कार्यक्रमातला हाच एक भाग असा, ज्यात माझं वय कामी आलं.

पैशांचं थोडक्यात: बिलावर टीसीएस हा कर लागला होता आणि मी तो चुकून लावलाय म्हणून भांडायला गेले. परदेशी सहलीच्या पॅकेजवर तो लागतोच, आणि विवरणपत्र भरताना वळता होतो. हे मला, हिशेब खात्यातल्या बाईला, त्या चोवीस वर्षांच्या मुलीने समजावलं.

खाण्याची चिंता ताईंना. त्यांची एकादशी असते. तिथे गिनी पिग भाजून खातात हे कळल्यापासून त्या खाकऱ्यांची पाकिटं मोजतायत. मी म्हणून शोधायला बसले, तर बटाटा अँडीजचाच. शेंगदाणा दक्षिण अमेरिकेचा. साबुदाणा ज्या कंदापासून करतात तो कसावाही तिथला. आणि ‘किविचा’ म्हणून जे धान्य कुस्कोच्या बाजारात लाह्या करून विकतात, ते राजगिऱ्याच्या कुळातलं. म्हणजे ताईंचं फराळाचं ताट जवळजवळ अख्खं तिकडून आलेलं. त्यांना सांगितलं. एकादशी आधीची की बटाटा आधीचा, यावर आमचं अजून मिटलेलं नाही.

इतिहासात मी सगळ्यात जास्त उघडी पडले. डब्याच्या सुट्टीत सांगून बसले होते की इंका हजारो वर्षांपूर्वीचे. माचू पिचू बांधलं गेलं पंधराव्या शतकात, पाचाकुती या राजाच्या काळात. स्पॅनिश सरदार पिझारोने इंकांच्या राजाला, अताउआल्पाला, काहामार्कात पकडलं ते १५३२ मध्ये. आपली वसई पोर्तुगीजांच्या हाती गेली १५३४ मध्ये. इतकं अलीकडचं. आणि १९११ मध्ये हायरम बिंगम या अमेरिकन संशोधकाने माचू पिचू ‘शोधलं’ म्हणतात, तेव्हा त्याला वाट दाखवली मेल्चोर आर्तेआगा या शेतकऱ्याने, आणि वर काही कुटुंबं त्याच जुन्या पायऱ्यापायऱ्यांच्या शेतांत पीक घेत होती.

पण मी अडकले ती दोऱ्यांपाशी. इंकांकडे लिपी नव्हती. एवढ्या मोठ्या राज्याचा धान्याचा, माणसांचा, लोकरीचा हिशेब त्यांनी दोऱ्यांना गाठी मारून ठेवला. त्याला ‘किपू’ म्हणतात आणि तो ठेवणारे खास कारकून असत. एका जाड दोरीला लोंबणारे अनेक दोरे. दोऱ्यावर वरच्या बाजूला शेकडा, मग दशक, सगळ्यात खाली एकक. आपल्यासारखीच दहाची पद्धत. शेकडा-दशकाला साध्या गाठी. एककाला लांब गाठ, जितके वेढे तितका आकडा. एक असेल तर इंग्रजी आठासारखी वेगळी गाठ. वेगळी का? तर आकडा तिथे संपला हे कळावं म्हणून. आणि शून्य म्हणजे त्या जागी गाठच नाही. काही किपूंत एका दोऱ्यावर बाकीच्या दोऱ्यांची बेरीजही सापडते. आमच्यासारखीच कुणीतरी बसून ती जुळवली असणार.

मी परकराच्या नाड्या कापून आमच्या घरचा महिन्याचा खर्च गाठींत बांधायला घेतला. दूध जमलं, वीज जमली. किराण्याच्या आकड्यात मधे शून्य आलं आणि मोकळी जागा किती सोडायची ते कळेना. सोडवायला गेले तर दशक एककात सरकलं. बेरजेच्या दोऱ्यावर जे आलं ते खर्चापेक्षा कितीतरी जास्त होतं. ह्यांनी विचारलं, “हे काय?” म्हटलं, ताळेबंद.

तरी त्या रात्री मी पहिल्यांदा त्या मुलीला आपणहून मेसेज केला. लिमात लार्को नावाचं संग्रहालय आहे, तिथे किपू ठेवलेत. पोचलो त्या दिवशी ते कार्यक्रमात घालता येईल का? सकाळी तिचा फोन आला. “काकू, त्या दिवशी सगळे झोपतात. एवढा लांबचा प्रवास असतो.” म्हटलं, ताईंना झोपू दे. मला एक गाडी सांग, आणि आत किती वेळ थांबू देतात ते विचारून ठेव. तिने ते लिहून घेतलं आणि विचारलं की माझ्या पासपोर्टची मुदत कधी संपते. परवान्याला नंबर लागतो. बघते म्हणून मी कपाट उघडलं. संपत आली होती.