हजरतगंजात दोनदाच जेवण

लखनौत राहून दिवसातून दोनदाच खायचं ठरवणं म्हणजे आषाढीला पंढरपुरात जाऊन टाळ ऐकायचा नाही असं ठरवण्यासारखं आहे. संध्याकाळी हजरतगंजात नुसतं भटकण्याला इथे ‘गंजिंग’ असा खास शब्द आहे, आणि त्या भटकण्यात पायांपेक्षा तोंड जास्त चालतं. रॉयल कॅफेची बास्केट चाट, राम आसरेची मलई गिलौरी, थोडं पुढे लालबागला शर्माजींचा चहा आणि त्यासोबत गोल समोसा, बन-मक्खन. गेले सात महिने आठवड्यातून दोन-तीनदा मी छावणीतून चालत निघतो, विधानसभेवरून जीपीओपाशी येतो, गंजात एक चक्कर मारतो, बिनसाखरेचा काळा चहा पितो आणि परत फिरतो. युनिटात माझं नाव ‘रोजा साहब’ पडलं आहे.

वजन ८७ वरून ७६ वर आलं म्हटल्यावर गावाकडून फोन सुरू झाले. बहुतेक पेन्शनर मंडळी. पहिला प्रश्न ठरलेला, ‘काय औषध घेतलंस?’ आणि दुसराही ठरलेला, ‘हे उपाशी राहणं फौजी माणसाला शोभतं का?’ दुसऱ्या प्रश्नासाठी हा लेख.

पद्धत माझी नाही. महाराष्ट्रात ती डॉ. जगन्नाथ दीक्षितांच्या नावाने ओळखली जाते. लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात शिकवत असताना त्यांनी ती व्याख्यानांतून आणि व्हॉट्सॲपवरून गावोगाव पोचवली, आणि ही कल्पना नागपूरच्या डॉ. श्रीकांत जिचकारांची आहे हे ते स्वतःच सांगतात. जिचकार म्हणजे ढीगभर पदव्यांसाठी गाजलेले, २००४ साली अपघातात गेलेले तेच. नियम दोन ओळींचे आहेत. कडक भूक लागते त्या दोन वेळा ओळखायच्या, त्याच वेळी जेवायचं आणि जेवण ५५ मिनिटांत संपवायचं. मधे पाणी, पातळ ताक, बिनसाखरेचा काळा चहा. रोज ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चालायचं. सुरू करण्याआधी आणि नंतर दर तीन महिन्यांनी रक्त तपासायचं.

याच्या बरोबर उलट सल्ला ऋजुता दिवेकरांचा होता, दर दोन तासांनी थोडं थोडं खा. काही वर्षांपूर्वी ‘दीक्षित की दिवेकर’ यावर घराघरांत दोन तट पडले होते. तेव्हा मी वर डोंगरात होतो, वजनाची चिंता नव्हती. उलट तिथे भूकच मरते, आणि समोर ठेवलेला सुकामेवा, चॉकलेट हुकूम म्हणून गिळावं लागतं.

माझा प्रश्न लखनौत उभा राहिला. वय ४३, काम कागदांचं, साखर काठावर (तीन महिन्यांची सरासरी ६.२) आणि वैद्यकीय तपासणीत वजनामुळे कॅटेगरी लागली. नागरी वाचकांसाठी सांगतो, कॅटेगरी लागली की बढती, कोर्स, पुढची पोस्टिंग, सगळ्याचा हिशोब बदलतो. ठरलेल्या मुदतीने पुन्हा बोर्ड. तोवर माणूस रांगेत उभा असतो, पण रांगेतला नसतो.

डॉक्टर साहेबांनी सांगितलं, ‘कम खाओ.’ सल्ला शंभर टक्के खरा. पण ‘कमी खा’ हा हुकूम होत नाही. किती कमी, ते प्रत्येक ताटावर नव्याने ठरवायचं आणि ठरवणारा कोण, तर ज्याला भूक लागली आहे तोच! संत्रीला ‘जरा कमी लोकांना आत सोड’ असं कोणी सांगत नाही. गेट उघडं किंवा गेट बंद. दीक्षितांचा नियम मला गेट बंद ठेवण्याच्या हुकमासारखा वाटला. मिनिटं ५५ च का, ५० किंवा ६० का नाहीत, यावर वाद घालणारे घालोत. माझ्यासाठी तो रोल कॉलचा टाइम आहे.

आता फौजी माणसाला शोभतं का, ते. आपला दिवस आठवा. पहाटेचा चहा, पीटीनंतर पुरी-भाजी, दहाचा चहा आणि पकोडे, दुपारचा लंगर, चारचा चहा, रात्रीचं जेवण. महिन्यातून एखादा बडाखाना. हे गणित विशीतल्या जवानासाठी आहे. तो सकाळी धावतो, दिवसभर ड्यूटी करतो, संध्याकाळी व्हॉलीबॉल खेळतो. चाळिशीत धावणं कमी होतं, खुर्ची येते, पण पोटातला बिगुल जुन्याच वेळेला वाजत राहतो. पेन्शनवर आल्यावर तर पीटी जाते आणि चहा तेवढा उरतो. गावात दिवसभरात दहा घरी जा, दहा कप चहा. कपाला दोन चमचे साखर धरली तरी शंभर ग्रॅमच्या आसपास साखर जेवणाआधीच पोटात. माणूस म्हणतो, ‘मी तर काहीच खात नाही.’ जेवण म्हणून काही खात नाही, हे खरंच असतं.

धावून जिरवू म्हणाल, तर पाच किलोमीटर धावल्यावर माझ्या वजनाच्या माणसाच्या जेमतेम चारशे कॅलरी जळतात. लालबागचे दोन समोसे आणि एक गोड चहा ती सगळी वसुली पाच मिनिटांत परत करतात.

अशक्तपणा येतो का? पहिले आठ दिवस दहाच्या सुमाराला डोकं दुखायचं, चिडचिड व्हायची. समोर पकोड्यांची परात आणि सगळ्यांची थट्टा. नंतर गेलं. याचं उत्तर मला गंजाच्या गल्लीतल्या शिंप्याने दिलं, माझी वर्दी तो अल्टर करतो. रमजानात दुपारी त्याच्याकडे गेलो तर दिवसभर पाण्याचा थेंबही न घेता मशीन चालवत होता. म्हणाला, ‘साहब, भूख आती है, बैठती है, फिर चली जाती है.’ भूक चढतच जाते अशी आपली समजूत असते, प्रत्यक्षात ती लाटेसारखी येते आणि ओसरते. त्याला चक्कर येईल असं कोणी म्हणत नाही, कारण त्याचा उपवास देवासाठी आहे. माझा रक्तातल्या साखरेसाठी आहे म्हणून सगळ्यांना काळजी.

आपल्याकडे तरी काय वेगळं आहे? जैनांचं बियासणं म्हणजे दिवसात दोनदाच बसून खाणं, शेकडो वर्षांचं. आणि आपण? एकादशी, दुप्पट खाशी. साबुदाण्याची खिचडी, वर शेंगदाण्याची आमटी, वर रताळ्याचा कीस, आणि याला उपवास म्हणायचं. त्या मानाने माझ्या दोन जेवणांत भात, पोळी, भाजी, डाळ, रविवारी मटण, सगळं आहे. मी उपाशी नाही. मधे खात नाही, एवढंच.

सगळ्यात कडवा विरोध घरातून झाला. सुट्टीवर गेलो तर सौ. म्हणाली, “अहो, तिकडे लंगरचं खाता म्हणून कमी जेवता हे ठीक. इथे माझ्या हातचं समोर असताना घड्याळ कसलं बघता?” त्यावर शास्त्र सांगून उपयोग नसतो. मी माझं दुपारचं जेवण तिच्या जेवणाच्या वेळेला आणलं. आधी सगळ्यांना वाढून ती अडीचला एकटी जेवायची. आता दोघं सोबत बसतो. विरोध संपलेला नाही, पण आवाज कमी झाला आहे.

शास्त्राचंही बघू, कारण व्हॉट्सॲपवर या पद्धतीचे भक्तही कमी नाहीत. प्रागमध्ये टाइप-२ मधुमेहाच्या ५४ रुग्णांवर एक प्रयोग झाला, २०१४ साली छापून आला. तेवढ्याच कॅलरी, पण १२ आठवडे दिवसातून सहा लहान जेवणं आणि १२ आठवडे फक्त दोन, नाश्ता आणि दुपारचं. दोन जेवणांत सरासरी ३.७ किलो उतरले, सहांत २.३. आपल्या बाजूचा पुरावा. पण २०२२ मध्ये चीनमधल्या ग्वांगझूचा अभ्यास आला. १३९ लठ्ठ माणसं, सगळ्यांना कमी कॅलरी, त्यातल्या निम्म्यांना शिवाय आठ तासांतच खाण्याचं बंधन. वर्षानंतर बंधनवाल्यांचे ८ किलो गेले, बाकीच्यांचे ६.३, आणि हा फरक संशोधकांच्या लेखी ठोस ठरला नाही. म्हणजे घड्याळात जादू नाही. दोनदाच खाल्लं की एकूण खाणं आपोआप घटतं आणि ते महिनोन्महिने पाळता येतं, हाच मोठा फायदा. दर दोन तासांनी मोजून-मापून खाऊन कोणाचं वजन उतरत असेल तर त्याने तेच करावं. मला दर दोन तासांनी थांबता आलं नसतं.

आणि उतरणं सरळ नसतं हेही सांगतो. पहिल्या महिन्यात चार किलो गेले, मग फेब्रुवारी-मार्चमध्ये काटा जागचा हलला नाही. तेव्हा चालणं वाढवलं, रात्रीचा भात अर्धा केला.

कोणी करू नये, हे मात्र जरा दरडावून सांगतो. अठराच्या आतली मुलं, गरोदर बाया, टाइप-१ मधुमेही यांच्यासाठी हे नाही, दीक्षितही तेच सांगतात. जो इन्सुलिन टोचतो किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेतो, त्याने डॉक्टरला न विचारता एकही जेवण गाळू नये. गोळी आपलं काम करत राहते, पोटात अन्न नसतं आणि साखर एकदम खाली येते. दरदरून घाम, हातापायांना थरथर, मग बेशुद्धी. आणि उंचावर, गस्तीवर, फिल्डमध्ये असणाऱ्या पोरांनी हा लेख वाचून बाजूला ठेवावा. तिथे मिळेल तेव्हा खा.

आता तुमचा आवडता प्रश्न, प्रसादाचं काय करता? ज्येष्ठातल्या मंगळवारी, म्हणजे बडा मंगलला, लखनौच्या रस्त्यारस्त्यावर भंडारे लागतात. गंजातल्या हनुमान मंदिराच्या परिसरात तर चालायला जागा नसते. पुरी-सब्जी, बुंदी, सरबत, आणि वाढणारा हात धरून वाढतो. नाही म्हणणं शक्य नाही, म्हणूही नये. त्या दिवशी मी दुपारचं जेवण तिथेच केलं, द्रोण हातात घेऊन उन्हात उभा राहून. चार पुऱ्या, बटाट्याची भाजी, वर बुंदी. गोडासकट ५५ मिनिटांच्या आत. सरबताचा ग्लास दुसऱ्यांदा पुढे आला तेव्हा हात जोडले. नंतर रात्रीपर्यंत पाणी.

परवा माझ्या जुन्या कंपनीतल्या एका हवालदाराचा फोन आला, पाच वर्षांपूर्वी पेन्शनवर गेलेला, साखरेच्या दोन गोळ्या चालू. दुसऱ्या दिवसापासून सुरू करतो म्हणाला. मी आधी गोळ्यांची नावं वाचून दाखवायला सांगितली. दुसरी तीच निघाली, ग्लिमेपिराइड. त्याला ईसीएचएसच्या डॉक्टरांकडे धाडलं आहे. तोवर फक्त चहातली साखर बंद करायला सांगितलं, तर म्हणाला, “साहेब, ग्रामपंचायतीत चहा नको म्हटलं तर लोक समजतात माझं काहीतरी बिनसलं.” मी म्हटलं, कोरा घे, पण घे.

माझा बोर्ड पुढच्या महिन्यात आहे. साखरेची सरासरी ५.६ आली आहे, कंबरपट्ट्याला दोन नवी भोकं पाडून घेतली आहेत. पाऊस सुरू होईपर्यंत चालणं संध्याकाळी सातनंतरच, जूनचं ऊन इथे माणसाला सोलून काढतं. या बाजूला आलात तर जीपीओपाशी भेटू. चाट तुम्ही खा, माझा चहा काळा सांगा.