अजिंठ्याच्या अंधारात कॅमेऱ्याची पारख

मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसमधून बाहेर पडून फोर्टच्या गल्ल्यांत शिरले की बोरा बाजार लागतो. कॅमेरे, लेन्स, पिशव्या विकणारे, दुरुस्ती करणारे, भाड्याने देणारे असे सारे येथे दाटीवाटीने बसलेले आहेत. लग्नात फोटो काढणारी होतकरू मुले लोकलने येथेच येतात. गेल्या हिवाळ्यात आम्हीही येथे दोन शनिवार घालवले. आमच्या भिशीचा नंबर एप्रिलमध्ये लागणार होता. रक्कम साठ हजार. मुलगी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला. तिचे म्हणणे होते की घरात एक चांगला कॅमेरा असावा. साठ हजार ही रक्कम आमच्यासारख्या घरात वर्षभर पोटाला चिमटा घेऊन जमते. म्हणून निर्णय दुकानाच्या झगमगाटात घ्यायचा नाही, एवढे आम्ही उभयतांनी आधीच ठरवले होते.

दुकानदाराने मिररलेस कॅमेरा हातात दिला. मिररलेस म्हणजे बिनआरशाचा. डीएसएलआर नावाच्या कॅमेऱ्याच्या पोटात एक तिरका आरसा असतो. लेन्समधून आलेले दृश्य तो वर डोळ्याकडे पाठवतो आणि बटण दाबताच खट्‌कन बाजूला होतो. नव्या जातीत हा आरसाच काढून टाकला आहे. लेन्समधून आलेला प्रकाश थेट सेन्सरवर पडतो आणि चित्र मागच्या पडद्यावर दिसते. आरशाची जागा वाचल्यामुळे कॅमेरा आकाराने लहान आणि वजनाने हलका झाला. पॅनासॉनिकने २००८ साली लेन्स बदलता येणारा असा छोटा कॅमेरा बाजारात आणला. आता बहुतेक मोठ्या कंपन्या नवे कॅमेरे आणि नव्या लेन्स याच जातीच्या काढतात.

बॉडी, सोबतची छोटी झूम लेन्स, लांबचे टिपणारी दुसरी लेन्स, कार्ड आणि पिशवी असा एकूण हिशेब ८२ हजारांवर गेला. भिशीपेक्षा २२ हजार जास्त. "हप्ते करून देतो," दुकानदार म्हणाला. दुसऱ्या एका ठिकाणी बिलाशिवाय थोडे कमी सांगितले. पण बिल नाही म्हणजे कंपनीची वॉरंटी नाही, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

मुलीने विचारले, "काका, अंधारात फोटो चांगले येतात का?" दुकानदार हसून म्हणाला, "अंधारात नेऊन बघा की!" त्याने थट्टेत म्हटले, पण आम्हाला ते पटले. आम्ही तीन दिवसांसाठी कॅमेरा भाड्याने घेतला. बॉडी, छोटी झूम लेन्स आणि ३५ मिलिमीटरची एक ठाम, म्हणजे झूम नसलेली लेन्स. रोजचे १,५०० प्रमाणे ४,५०० रुपये, शिवाय ओळखपत्र आणि अनामत. आईला अजिंठ्याची बुद्धलेणी दाखवायची कितीतरी वर्षे राहून गेले होते. दोन्ही कामे एकाच प्रवासात झाली.

जळगावहून लेण्यांकडे

मुंबईहून रात्रीच्या गाडीने निघाले की पहाटे जळगाव येते. तेथून छत्रपती संभाजीनगरकडे, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादकडे जाणारी एस.टी. पकडावी आणि फर्दापूर फाट्याला उतरावे. अंतर साधारण ६० किलोमीटर. खासगी गाड्या फाट्यावरच थांबतात. पुढचे चार किलोमीटर महामंडळाची बस नेते. लेणी सोमवारी बंद असतात. दुरून येऊन बंद दाराला पाय लावून परत जाणारी माणसे दर आठवड्याला दिसतात, असे तेथील चहावाल्याने सांगितले.

बस थांबते तेथून लेण्यांपर्यंत दगडी पायऱ्यांचा चढ आहे. डोलीवाले पुढे आले. आई म्हणाली, "माणसाच्या खांद्यावर मी नाही बसायची." सत्तरी ओलांडलेली आमची आई दर दहा पायऱ्यांवर विसावा घेत वर चढली. तिचा एक हात आमच्या हातात. दुसऱ्या हातात पाण्याची बाटली आणि डब्याची पिशवी. अशा वेळी गळ्यातल्या कॅमेऱ्याचे वजन कळते. आमचा कॅमेरा लेन्ससह अर्ध्या किलोच्या आसपास होता, म्हणून निभावले. ती लांबची मोठी लेन्सही घेतली असती तर दुपारपर्यंत तिची अडगळच झाली असती. ही पहिली पारख.

वाघूर नदीने येथे घोड्याच्या नालेसारखे वळण घेतले आहे. त्या वळणावर, काळ्या कातळात, एका रांगेत सुमारे तीस लेणी. सर्वांत जुनी इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या-पहिल्या शतकातील, तर नंतरची वाकाटकांच्या काळातील, पाचव्या शतकातील. सोळाव्या लेण्याचे दान वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री वराहदेव याने दिल्याचा शिलालेख तेथे आहे. १९८३ साली युनेस्कोने या स्थळाचा जागतिक वारशात समावेश केला.

पहिले लेणे आणि १.८ चा आकडा

पहिल्या लेण्यात चपला काढून आत गेलो आणि दोन मिनिटे काहीच दिसेना. चित्रांच्या रंगांना इजा होऊ नये म्हणून आत मंद दिवे आहेत. फ्लॅश मारायला बंदी आहे. कॅमेऱ्याची तिपाई लावायला पुरातत्त्व खात्याची वेगळी परवानगी लागते. म्हणजे जो काही प्रकाश आहे तोच वापरायचा आणि कॅमेरा हातातच धरायचा. दुकानदार म्हणाला तो अंधार हाच.

डोळे सरावले तसा गाभाऱ्याच्या डाव्या हाताला हातात कमळ घेतलेला पद्मपाणी उजळत गेला. खाली झुकलेली नजर, किंचित कललेली मान. आई हात जोडून उभी राहिली. मुलीने आधी झूम लेन्सने फोटो काढला. चित्र हलले. मग ठाम लेन्स लावली, श्वास रोखून बटण दाबले आणि चेहरा स्वच्छ उतरला.

कारण सोपे आहे. प्रत्येक लेन्सवर एक आकडा छापलेला असतो. तो जितका लहान, तितके लेन्सचे भोक मोठे आणि आत येणारा प्रकाश जास्त. सोबत मिळणाऱ्या झूम लेन्सवर ३.५-५.६ लिहिलेले असते, म्हणजे झूम पूर्ण ताणला की ५.६. ठाम लेन्सवर १.८ होते. ५.६ च्या तुलनेत १.८ मधून नऊपटींहून अधिक प्रकाश आत येतो. बॉडी तीच. फरक पडला तो लेन्सने. नुसती महाग बॉडी घेऊन तिला साधी लेन्स लावणे म्हणजे चांगल्या बैलाला मोडका नांगर जुंपणे. ही दुसरी पारख.

मोबाइलचे काय? तोही आम्ही लावून पाहिला. भिंतीचा फोटो मोबाइलने खरोखर चांगला काढला. अंधारात तो एकामागून एक बरीच चित्रे घेतो आणि त्यांचे एक करतो. भिंत हलत नाही म्हणून जमते. पण आईला दाराशी उभे केले आणि ती जराशी वळली, तसा चेहरा पुसट झाला. आणखी एक गंमत. १९२० च्या सुमारास निजाम सरकारने इटलीहून तज्ज्ञ आणून चित्रांची डागडुजी करून घेतली. तेव्हा लावलेले लाखेचे रोगण पुढे पिवळे पडले. मोबाइल हा पिवळेपणा आपल्या मनाने आणखी भडक करतो. कॅमेऱ्यात रॉ नावाच्या पद्धतीने फोटो घेतला, तर घरी संगणकावर रंग जागेवर आणता येतात.

सव्विसाव्या लेण्यात मात्र उलटे झाले. तेथे डाव्या बाजूच्या अरुंद पट्ट्यात तथागतांच्या महापरिनिर्वाणाची सुमारे सात मीटर लांबीची शिल्पमूर्ती आहे. मागे सरावे तर खांब आडवे येतात. ठाम लेन्समध्ये नुसते मुख मावले. पूर्ण मूर्ती पायांकडून तिरकी घ्यावी लागली आणि त्यासाठी सोबतची झूम लेन्सच कामाला आली. मोबाइलच्या रुंद कॅमेऱ्यानेही ते काम केले. म्हणजे रुंद चित्रासाठी वेगळी लेन्स घेतलीच पाहिजे असे नाही. खिशातला मोबाइल ती जागा भरतो.

जळालेल्या प्रती

दहाव्या लेण्यात एका खांबावर जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याने आपले नाव आणि २८ एप्रिल १८१९ ही तारीख कोरून ठेवली आहे. तेव्हा लेण्यात राडारोडा साचलेला होता, म्हणून ती अक्षरे आज डोक्याच्या वर दिसतात. पुढे १८४४ पासून रॉबर्ट गिल या अधिकाऱ्याने येथे वर्षानुवर्षे राहून चित्रांच्या मोठ्या प्रती रंगवल्या. त्या लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडल्या आणि १८६६ च्या आगीत बहुतेक जळाल्या. मग मुंबईच्या कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ पासून १८८५ पर्यंत विद्यार्थ्यांकडून पुन्हा प्रती काढून घेतल्या. त्यांतल्याही बऱ्याच १८८५ मध्ये लंडनलाच आगीत गेल्या. इतक्या वर्षांचे कष्ट एका छपराखाली ठेवले आणि तेथेच संपले.

हे ऐकून आई एकदम म्हणाली, "आपल्याकडे तर एकसुद्धा प्रत नाही." तिला काय म्हणायचे होते ते आम्हाला कळले. आमचे वडील गिरणीत होते. त्यांचा एकच फोटो राहिला, गिरणीच्या ओळखपत्रावरचा, टाचणीएवढ्या चेहऱ्याचा. ते गेल्यावर स्टुडिओवाल्याने तो मोठा केला आणि हाताने रंगवून त्यांच्या अंगात कोट-टाय घातला. आयुष्यात त्यांनी कधी कोट घातला नाही. पस्तीस वर्षे आई त्या फोटोला फूल वाहते आणि म्हणते, "चेहरा त्यांचा आहे, बाकीचे कुणाचे आहे कोण जाणे." आमच्या वस्तीत असे कोटातले वडील आणि आजोबा घरोघरी आहेत.

पहिल्या लेण्याच्या ओसरीत ऊन थेट येत नाही, मऊ उजेड येतो. तेथे खांबाला टेकून आई बसली. मुलीने ठाम लेन्सने तिचे फोटो काढले. कपाळावरच्या सुरकुत्या, नेहमीचे पातळ, हातातली बाटलीसुद्धा. कोट नाही, काही नाही. आमची आई जशी आहे तशी.

हिशेब

परतीच्या गाडीत मुलीने वही काढली. एकूण ४१२ फोटो. त्यांतले साडेतीनशेच्या वर असे, की मोबाइलनेही तितकेच चांगले आले असते. कॅमेऱ्याची खरी गरज पडली ती साठेक फोटोंना, आणि त्यांतले बहुतेक एकाच १.८ च्या लेन्सचे. ८२ हजारांत सुमारे ५५ दिवसांचे भाडे निघते. वर्षातून पाच दिवस कॅमेरा लागला, तर ते ११ वर्षे पुरेल.

घरी ठेवायचा खर्चही धरला पाहिजे. मुंबईच्या पावसाळी दमट हवेत लेन्सच्या काचेवर बुरशी चढते. हवाबंद डबा आणि त्यात सिलिका जेलच्या पुड्या लागतातच. वापरलेला कॅमेरा घ्यायचा तर लेन्स उजेडासमोर धरून आत कोळ्याच्या जाळ्यासारखे काही दिसते का ते पाहावे. शटर किती वेळा चालले आहे तो आकडाही विचारावा.

"म्हणजे घ्यायचा नाही?" मुलीने विचारले. तिच्या आवाजातली निराशा लपत नव्हती. तेव्हा आईच म्हणाली, "घ्या. पण आधी पोरीची फी भरा. पोर शिकली तर कॅमेरा तीच घेईल."

शेवटी ठरले ते असे. एप्रिलच्या भिशीतून आधी मुलीच्या पुढच्या शिक्षणाची फी. उरेल ती रक्कम बाजूला. दिवाळीत बोनस मिळाला की त्यात घालून वापरलेली पण चांगली बॉडी आणि १.८ ची एकच ठाम लेन्स, पक्क्या बिलावर. लांबची लेन्स नाही. हप्ता तर मुळीच नाही. तोपर्यंत वेरूळला जाऊ तेव्हा पुन्हा दोन दिवसांचे भाडे भरू. वेरूळची लेणी मंगळवारी बंद असतात, हे वहीत लिहून ठेवले आहे.

एक काम मात्र थांबवले नाही. आईच्या फोटोच्या तीन प्रती छापून घेतल्या. एक आमच्या घरी, एक गावी भावाकडे, एक नाशिकला बहिणीकडे. मूळ फोटो संगणकात आणि वेगळ्या पेनड्राइव्हवर, असे दोन ठिकाणी ठेवले. ज्यांच्या घरी म्हातारी माणसे आहेत, त्यांनी कॅमेऱ्यासाठी थांबू नये. मोबाइल घ्यावा, आईवडिलांना सकाळच्या उजेडात ओसरीवर किंवा खिडकीशी बसवावे, फोटो काढून छापून घ्यावा आणि दोन घरी ठेवावा. खर्च वडापावाच्या दोन-चार प्लेटींपेक्षा जास्त नाही.