व्यायला टेकलेल्या मादीचा पिंजरा

प्रयोगशाळेसाठी पांढरे उंदीर वाढवणाऱ्या प्राणिगृहात पिंजरा हा बहुधा जागेचा हिशेब म्हणून पाहिला जातो. प्रयोगप्राण्यांच्या निगेविषयीच्या अमेरिकी मार्गदर्शिकेची २०११ ची आवृत्ती पिल्लांसह असलेल्या मादीला किमान ८०० चौरस सेंटिमीटर तळ आणि सुमारे १८ सेंटिमीटर उंची द्यावी असे सांगते. तेवढी मापे जुळली की निवासाचा विषय मिटला, अशी समजूत मग सहज रूढ होते. मादीच्या दृष्टीने मात्र हा प्रश्न जागेचा कमी आणि हवामानाचा अधिक आहे. पिंजऱ्याच्या एका कोपऱ्यातील ओंजळभर हवा किती उबदार आहे, किती कोरडी आहे आणि त्या कोपऱ्याला किती निवांतपणा मिळतो, यावर वेताचे भवितव्य ठरते.

गर्भकाळ २१ ते २३ दिवसांचा असतो आणि जन्मणारे पिल्लू पाच-सहा ग्रॅम वजनाचे, अंगावर लव नसलेले, डोळे-कान मिटलेले असते. स्वतःची ऊब फार वेळ टिकवून धरणे त्याला जमत नाही. प्रौढ उंदराला ऊब राखण्यासाठी ज्यादा ऊर्जा खर्चावी लागत नाही, असा तापमानाचा पट्टा साधारण २६ ते ३० अंश सेल्सिअसचा मानला जातो, तर प्राणिगृहाची खोली सहसा २० ते २६ अंशांवर ठेवतात. ही तूट घरट्यानेच भरून काढायची असते. आपल्याकडे सर्रास वापरले जाणारे भाताचे तूस गुंफता येत नाही. मादी ते नुसते बाजूला लोटते आणि मधे खळगा करते. तुसावर कागदाच्या लांब, मऊ पट्ट्या दिल्या तर कड उभी राहते आणि कधीकधी वर छपरासारखे आच्छादनही होते. यात एक मेख आहे. घरटे बांधण्यात हा मोठा उंदीर (रॅट) छोट्या पांढऱ्या उंदराइतका (माऊस) तरबेज नसतो आणि लहानपणी असे साहित्य कधी हाताळलेलेच नसेल तर मोठेपणी त्याला ते नीट वापरता येत नाही. म्हणून पट्ट्या केवळ गाभण माद्यांना देऊन भागत नाही. पुढे ज्या पिल्लांतून माद्या निवडायच्या, त्यांच्याही पिंजऱ्यात त्या असाव्या लागतात.

ऊब कमी पडल्याने नुकसान होते, तसे ती जास्त झाल्यानेही होते. पिल्लांना पोटाखाली घेऊन बसलेल्या मादीचे शरीर हळूहळू तापत जाते आणि ती उष्णता बाहेर पडेनाशी झाली की ती उठून घरट्याबाहेर जाते. खोली जितकी गरम, तितक्या तिच्या बैठका आखूड. वीज गेलेल्या एप्रिल-मेच्या दुपारी मादी पिल्लांपासून दूर जाळीजवळ पसरलेली दिसते, तेव्हा तिला निष्काळजी आई ठरवण्यापूर्वी भिंतीवरचा तापमापक पाहिलेला बरा.

या बैठकांचे महत्त्व दूध उतरण्याच्या पद्धतीमुळे फार वाढते. पिल्ले आचळांना तासन्‌तास चिकटलेली असली तरी दूध सतत येत नाही; काही मिनिटांच्या अंतराने, तेही मादी गाढ झोपेत असताना, मेंदूतून ऑक्सिटोसिन या संप्रेरकाचा झोत सुटतो आणि पाठोपाठ सगळी पिल्ले एकदम हातपाय ताणून ताठ होतात. पिंजऱ्याचे झाकण उघडले, ट्रॉली आपटली, शेजारचे पिंजरे खडखडले की मादी जागी होते आणि तो झोत पुढे ढकलला जातो. दूध पोचले की नाही हे पाहायला पिल्लू उचलावे लागत नाही: पातळ कातडीतून पोटाच्या डाव्या बाजूला दुधाने भरलेल्या जठराचा पांढरा पट्टा लांबूनही स्पष्ट दिसतो आणि सराईत कर्मचारी तेवढ्यावरच पुढच्या पिंजऱ्याकडे वळतो.

स्वच्छतेचे वेळापत्रक इथेच आडवे येते. तूस बदलले नाही तर मुतातून अमोनिया साठतो. बदलले तर मादीने ओळखीचा केलेला गंध पुसला जातो आणि बिथरलेली मादी पिल्ले तोंडात धरून सैरावैरा हलवत राहते. त्यामुळे विण्याच्या दोन-तीन दिवस आधी पिंजरा स्वच्छ करून ठेवावा आणि नंतरचे काही दिवस त्याला हात लावू नये, हा व्यवहार्य मार्ग ठरतो. पुढे बदल करताना जुने घरटे थोड्या तुसासह नव्या पिंजऱ्यात जसेच्या तसे ठेवावे. हात न लावण्याच्या नियमाला अपवाद एकच, गळकी पाण्याची बाटली. रात्रभर थेंब थेंब गळणारी तोटी सकाळपर्यंत घरट्याची गादी भिजवून सगळी पिल्ले गारठवू शकते, म्हणून विण्याआधी बाटली उलटी धरून तपासणे हे मापे घेण्याइतकेच गरजेचे काम आहे.

घरट्याचे साहित्य ही चैन आहे असे मानणाऱ्यांनी टॅली बराम यांच्या कॅलिफोर्नियातील प्रयोगशाळेने रूढ केलेली पद्धत पाहावी. बालपणातील ताणाचा अभ्यास करण्यासाठी तिथे पिल्ले दोन दिवसांची झाल्यापासून नवव्या दिवसापर्यंत मादीला जाळीच्या तळावर, अगदी तुटपुंज्या साहित्यासह ठेवले जाते. तेवढ्याने तिचे संगोपन तुटक आणि अनियमित होते आणि त्याचे परिणाम पिल्लांच्या मोठेपणातही दिसतात. म्हणजे साहित्यात कसर करणारे प्राणिगृह नकळत एक प्रयोग करून मोकळे होते, आणि ती पिल्ले औषधचाचणीला घेणाऱ्या संशोधकाला त्याचा पत्ताही नसतो.

नराबाबत निर्णय आधीच घ्यावा लागतो, कारण व्याल्यानंतर सुमारे २४ तासांच्या आत मादी पुन्हा माजावर येते. नर पिंजऱ्यातच राहिला तर एक वेत पाजत असतानाच दुसरे पोटात वाढू लागते. संख्या वाढवण्यासाठी काही ठिकाणी हे मुद्दाम केले जाते. मादीची झीज पाहता ते परवडते असे वाटत नाही.

दोन आठवड्यांच्या सुमारास पिल्लांचे डोळे उघडतात आणि घरट्याची गरज ओसरू लागते. आता ती आईच्या मागे लागतात, तिचा घास कुरतडतात, आणि तिला सुटका हवी असते. पिंजऱ्यात पिल्लांना चढता येणार नाही अशी एखादी उंच फळी असेल तर ती तिथे जाऊन बसते. मार्गदर्शिकेतील किमान १८ सेंटिमीटर उंचीत अशी फळी बसत नाही. याच काळात तोटी पिल्लांच्या तोंडाला पोचेल इतकी खाली घ्यावी आणि खाद्याच्या थोड्या गोळ्या तळावरही टाकाव्यात, म्हणजे एकविसाव्या दिवशी पिल्ले आईपासून तोडताना त्यांना पाणी कुठे मिळते हे आधीच ठाऊक असते.